वाकड्या वाटेने मामाच्या गावाला : सहा दिवस, चार जिल्हे

मामेभावाच्या मुलाचा साखरपुडा फेब्रुवारीत ठरला. एरवी पुण्याहून रात्रीची ट्रॅव्हल्स पकडायची, सकाळी यवतमाळला डोळे चोळत उतरायचं, दोन दिवस राहून तसंच परत यायचं, हा आमचा शिरस्ता. या खेपेला, म्हणजे २०२५च्या फेब्रुवारीत, रजा शिल्लक होती आणि डोक्यात एक किडा वळवळत होता. म्हणून साखरपुड्याच्या पाच दिवस आधीच निघाले आणि मुद्दाम वाकड्या वाटेने गेले. चाकण, दिंडोरी, लासलगाव, जालना आणि मग मामाचं गाव.

किडा असा. १९९१ साली मी दहावीत होते. त्या २४ जुलैला मनमोहन सिंगांनी मांडलेला अर्थसंकल्प आमच्या घरी कुणाच्या लक्षातही नाही. पुढे बारावी कॉमर्सला सरांनी 'खाउजा' पाठ करून घेतलं: खाजगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण. प्रश्न हमखास यायचा. त्यात शेवटी एक ओळ असायची, 'ग्रामीण भागावर संमिश्र परिणाम झाले.' ती टाकली की मार्क पडायचे. ते 'संमिश्र' म्हणजे नक्की काय, हे बघायचं राहूनच गेलं होतं. ठरवलं, वाटेत भेटेल त्याला एकच प्रश्न विचारायचा: तुमच्याकडे सगळं कधीपासून बदललं?

पहिला दिवस : चाकण

शाळेतल्या मैत्रिणीचं माहेर चाकणजवळ. बस चौकात अर्धा तास एकाच जागी उभी होती. दोन्ही बाजूंना कंटेनर, त्यांच्यामधून दुचाकीवर गळ्यात ओळखपत्र अडकवलेली पोरं. (कंपन्यांची पाळी सुटायच्या वेळेला चाकणमधून जाऊ नका. सकाळी अकरा ते दुपारी दोन हीच वेळ त्यातल्या त्यात बरी.)

मैत्रिणीचे वडील, आबा, पंचाहत्तरीचे. घरापुढे जिथे पूर्वी कांद्याची आरण लागायची, तिथे आता तीन रांगांमध्ये पत्र्याच्या खोल्या. प्रत्येक दारापुढे चपलांचे पाच-सहा जोड आणि दोरीवर सारख्या रंगाचे गणवेश. बीड, परभणी, वाशीम, शिवाय बिहार-यूपी.

"आता खोल्यांचं पीक घेतो," आबा म्हणाले. "पावसावर नाही, कीड नाही. महिन्याच्या महिन्याला काढणी."

हे आबा १९८०च्या चाकणच्या कांदा आंदोलनात रस्त्यावर बसले होते. शरद जोशी स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून इथे आंबेठाणला जमीन घेऊन राहिले आणि शेतकरी संघटनेची पहिली मोठी लढाई याच गावच्या बाजारपेठेतून उभी राहिली. पुढे १९९१नंतर, जेव्हा बहुतेक शेतकरी पुढारी खुल्या व्यवस्थेला शिव्या घालत होते, तेव्हा जोशी तिचं स्वागत करत होते. सरकारने शेतमालाच्या बाजारात हात घालू नये, एवढंच शेतकऱ्याला पुरे, ही त्यांची मांडणी. आबांना ती अजून मान्य आहे. फक्त ते पुढे म्हणाले, "आम्ही मागत होतो कांद्याला भाव, पोरी. आला जमिनीला."

माझा प्रश्न विचारला. आबांनी साल सांगितलं नाही. "मोजणीचे दगड रोवले ना, त्या दिवशी." नव्वदच्या दशकात एमआयडीसी आली, मग दुचाकीचा कारखाना, मग चारचाकींचे परदेशी कारखाने, त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो. भूसंपादनाचा पैसा आला तशी भावांत वाटणीही झाली. आबांच्या धाकट्या भावाने बंगला बांधला, पांढरी गाडी घेतली, गळ्यात चेन आली. 'गुंठामंत्री' हा शब्द आपण शहरात हसत वापरतो. इथे त्या माणसाची सून समोर बसून चहा देत असते, तेव्हा हसू येत नाही. गाडी विकली गेली. भाऊ आता एका कंपनीच्या फाटकावर वॉचमन आहे. ती कंपनी ज्या जमिनीवर उभी आहे ती आपलीच होती, हे तो नव्या पोरांना सांगत नाही म्हणे.

पण मला जास्त लागलं ते वेगळंच. जेवायला मासवडी, रस्सा आणि बाजरीची भाकरी होती. वाढता वाढता काकूंनी आत्याचा विषय काढला. जमिनीला किंमत नव्हती तेव्हा बहिणी तलाठ्याकडे जाऊन हक्कसोडपत्रावर सही करायच्या. बदल्यात काय, तर साडी आणि माहेर. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ साली झाली, देशभर २००५ साली. इकडे गुंठ्याचे भाव लाखात गेले. दोन्ही गोष्टी एकदमच आल्या. आत्याने सही नाकारली. तिचं म्हणणं काय चूक? पण त्या वर्षापासून भाऊबीजेला ती आलेली नाही. माझ्या मैत्रिणीने मात्र सही दिली. का दिलीस, असं मी तिला पूर्वी एकदा विचारलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, "मला दिवाळी हवी होती."

निघताना गोठा दाखवला. नांगराला बैल नाहीत, सगळं ट्रॅक्टरवर. पण गोठ्यात एक खिलार, डोक्यावर पंखा, पायाखाली रबराची चटई. फक्त बैलगाडा शर्यतीसाठी. शर्यतींवरची बंदी उठली आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला, तेव्हापासून याचा भाव आबा सांगत नाहीत, नुसते मिशीत हसतात.

संध्याकाळच्या बसने नाशिक. नारायणगावनंतर झोप लागली ती थेट सिन्नरला उतरली.

दुसरा दिवस : दिंडोरी

सकाळी चांगलीच थंडी. दिंडोरीच्या पुढे ऑफिसातल्या एकाच्या मावसभावाची साडेचार एकर द्राक्षबाग आहे. पोचले तेव्हा तोडणी सुरू झाली होती.

निर्यातीची तोडणी म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं. आपण बाजारात घड उचलतो, वास घेतो, एक मणी तोंडात टाकतो. इथे घडाला हातच लावायचा नाही. देठाला धरायचं, कारण बोट लागलं की मण्यावरचा पांढरा मेणचट थर पुसला जातो. बायका लांब टोकांच्या बारीक कात्र्यांनी घडातला एकेक छोटा, फुटका, डागाळलेला मणी काढत होत्या. एकीच्या गळ्यात दोऱ्याला प्लास्टिकची पट्टी होती, तिला अठरा मिलिमीटरचं भोक. मणी त्यातून पडला की तो युरोपचा नाही, आपला. अर्ध्या किलोचे डबे, असे दहा डबे की पाच किलोची पेटी. डोक्याला टोपी हवीच, आणि हातात काचेच्या बांगड्या चालत नाहीत. एका नव्या सुनेने बांगड्या रुमालात बांधून कमरेला खोचल्या होत्या. घरी जायच्या आधी परत घालणार.

यातल्या बऱ्याच जणी पेठ-सुरगाण्याच्या, म्हणजे नाशिकच्याच डोंगराळ तालुक्यांतल्या. भात निघाला की टोळी खाली उतरते, खरड छाटणीपर्यंत, म्हणजे हंगाम संपल्यावर वेली छाटतात तोपर्यंत, इथेच. शेतमालक भाऊ त्यांना 'आमच्या बाया' म्हणतात. त्या त्यांना 'शेठ' म्हणतात. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्यात बसले. नागलीची भाकरी आणि उडदाची चटणी त्यांनी मला आग्रहाने खाऊ घातली. लाडकी बहीणचे दीड हजार खात्यावर आले का, याची चर्चा चालली होती. एकीचं खातं आधारला जोडलेलं नव्हतं, तर दुसरी तिला मोबाईलवर काय दाबायचं ते शिकवत होती. तो मोबाईल मुलाचा. मुलगा नाशिकला एका गोदामात पार्सलं लावतो.

भाऊंना प्रश्न विचारला. त्यांचं उत्तर तयार होतं: पहिला कंटेनर गेला तेव्हापासून. १९९१ साली, योगायोगाने त्याच वर्षी, द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी मिळून 'महाग्रेप्स' काढली आणि नव्वदच्या दशकात नाशिक-सांगली-सोलापूरची द्राक्षं युरोपच्या दुकानांत जाऊ लागली. त्यांच्या वडिलांची पहिली खेप सडून गेली. शीतकरणाची अक्कल नव्हती. दुसऱ्या वर्षी पैसे झाले ते बघून भावकीने पण बागा लावल्या.

"आणि २०१०?" मी विचारलं. हे मी थोडं वाचून गेले होते. भाऊ एकदम गप्प झाले. त्यांच्या आईने उत्तर दिलं. त्या साली क्लोरमेक्वाट क्लोराईड नावाच्या वाढरोधकाचा अंश मण्यात सापडला म्हणून युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले. फवारणी कित्येकांनी केलेली, तेव्हा ते तपासणीच्या यादीतच नव्हतं. "माल आमचा, दोष आमचा, भाडं पण आमचं," म्हातारी म्हणाली. तेव्हापासून बागेच्या खोलीत फवारणीची वही टांगलेली असते. तारीख, औषध, प्रमाण, सही. प्लॉटची नोंदणी आणि त्याचा क्रमांक असतो. लंडनमधल्या डब्यावरून या वहीच्या पानापर्यंत मागे येता येतं.

मला गंमत वाटली ती पुढे. आजी सातवी शिकलेल्या. त्यांनी मला तांबड्या समुद्रातली भांडणं समजावून सांगितली. २०२४च्या हंगामात तिथे जहाजांवर हल्ले झाले, म्हणून बोटी आफ्रिकेला वळसा घालून गेल्या, आणि द्राक्षं दोन आठवडे जास्त बोटीत राहिली. "तिकडं गोळी सुटली की इकडं आमच्या मण्याला सुरकुती," आजी म्हणाल्या आणि पदराने चष्मा पुसला.

(बागेत जाणाऱ्यांसाठी: न विचारता मणी तोडून तोंडात टाकू नका. शिष्टाचाराचा प्रश्न तर आहेच, पण शेवटची फवारणी कधी झाली ते शेतकऱ्यालाच माहीत असतं. आणि दुपारी टोपी हवीच, वेलीखाली सावली असली तरी रस्ता उन्हात आहे.)

भाऊंवर कर्ज आहे का, हे विचारायचं धाडस झालं नाही. बंगल्याच्या भिंतीला तीन बँकांची कॅलेंडरं होती.

तिसरा दिवस : लासलगाव

कांद्याचा लिलाव बघायचा तर सकाळी लवकर जा. आदल्या दिवशी बाजार समितीत फोन करून लिलाव आहेत ना, हे विचारून घ्या, कारण संप, सुट्टी, आंदोलन काहीही असू शकतं. मी साडेनऊला पोचले तर ट्रॅक्टर आणि पिकअपच्या रांगा लागून गेल्या होत्या, हवेत लाल कांद्याचा तिखट वास आणि पायाखाली पातीचा खच.

व्यापाऱ्यांचा घोळका एका वाहनापाशी येतो. एकजण ट्रॉलीत हात कोपरापर्यंत खुपसतो, तळातला कांदा काढतो, अंगठ्याने टरफल घासतो. पुकारा सुरू. क्विंटलला सतराशे, अठराशे, साडेअठराशे. माझ्या डोळ्यांसमोर एक वक्कल, म्हणजे एका वाहनातला माल, पाऊण मिनिटात गेलं. शेतकरी, तिशीतला पोरगा, चाकावर उभा होता. चार महिने राबून पाऊण मिनिट. चिठ्ठी हातात पडली, तो ती मोबाईलच्या कव्हरमध्ये ठेवून काट्याकडे निघाला. मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली करायचा, गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, वेगळी निघाली तर तिथे पुन्हा घासाघीस.

चहाच्या टपरीवर त्यालाच गाठलं आणि प्रश्न टाकला. तो म्हणाला, "ताई, तुमचं ते उदारीकरण आमच्याकडं यायचंय अजून."

मी हसले. तो हसला नाही. बोटांवर मोजायला लागला. सप्टेंबर २०१९, निर्यातबंदी. सप्टेंबर २०२०, निर्यातबंदी. ऑगस्ट २०२३, चाळीस टक्के निर्यातशुल्क. ८ डिसेंबर २०२३, पुन्हा बंदी, ती उठली मे २०२४मध्ये, लोकसभेच्या मतदानाच्या तोंडावर, तीही चाळीस टक्के शुल्क आणि किमान निर्यातमूल्याची अट घालून. त्या वेळी, फेब्रुवारी २०२५मध्ये, वीस टक्के शुल्क चालू होतं. "मोबाईल कुठलाही घ्या, गाडी कुठलीही घ्या, कुणी अडवत नाही. कांदा दुबईला पाठवायचा म्हटलं की दिल्लीला विचारायचं."

याचे आजोबा शरद जोशींचे बिल्ले छातीवर लावायचे. हा बी.कॉम. आहे. खाउजा त्यानेही पाठ केलं होतं, फक्त माझ्यापेक्षा वीस वर्षांनी. आम्ही दोघांनी ती 'संमिश्र परिणाम'वाली ओळ एकदम म्हटली आणि टपरीवाला आमच्याकडे बघत राहिला.

खरं सांगायचं तर इथे माझाच थोडा गोंधळ झाला. डिसेंबर २०२३मध्ये पुण्यात कांदा स्वस्त झाला तेव्हा मी दहा किलो भरून ठेवला होता. ते त्याला सांगितलं नाही.

दुपारी मनमाडमार्गे रेल्वेने जालना. गाडीत गर्दी होती, पण वाटाणे सोलत बसलेल्या दोन बहिणींनी मला सरकून जागा दिली आणि अर्धी पिशवी वाटाणे सोलायलाही दिले.

चौथा दिवस : जालना आणि वाट

जालन्यात मोबाईलवरून आरक्षित केलेला लॉज प्रत्यक्षात बंद होता. शटरला कुलूप, बाजूला सिमेंटची पोती. फोनवरचा आवाज हिंदीत दिलगिरी व्यक्त करत राहिला. शेवटी रिक्षावाल्या मामांनी स्टेशनजवळच्या एका जुन्या लॉजवर नेलं. खोली साधी पण गरम पाणी कढत. सबब, छोट्या गावात रात्री पोचणार असाल तर आधी लॉजवर थेट फोन करा.

जालना ही बियाण्यांची पेठ. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको ही बियाण्यांची कंपनी काढली आणि मार्च २००२मध्ये देशात पहिल्यांदा बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला तोंड देण्यासाठी जनुक बदललेल्या कापसाला, परवानगी मिळाली ती महिकोच्याच वाणांना, अमेरिकी मोन्सॅन्टोच्या तंत्रावरच्या. फेब्रुवारीत ही पेठ सुस्त असते. एका दुकानात विचारलं, तर मालक म्हणाले, मे महिन्यात या, उभं राहायला जागा नसते. बीटी बियाण्याच्या पाकिटाचा कमाल भाव सरकार ठरवतं. २०२४च्या खरिपात तो ८६४ रुपये होता. म्हणजे कांद्याला दिल्लीची परवानगी, बियाण्याच्या भावाला दिल्लीचा कागद, आणि पाकिटातलं वाण मात्र कुठलं घ्यायचं ते शेतकऱ्याने दुकानदारावर विश्वास ठेवून ठरवायचं.

मेहकर आणि कारंजा असे दोन टप्पे करत यवतमाळ. एसटीने तेव्हा नुकतीच, २५ जानेवारी २०२५पासून, १४.९५ टक्के भाडेवाढ केलेली. आम्हा बायकांना अर्धं तिकीट असल्याने बसमध्ये दोन बायकांमागे एक पुरुष असं प्रमाण. सिंदखेडराजाच्या पुढे बस समृद्धी महामार्गाच्या खालून गेली. वर गाड्या सुसाट, खालच्या बोगद्यातून कडब्याने भरलेली बैलगाडी, तिला वाट द्यायला आमची बस थांबली.

शेजारी मेहकरचे एक काका बसले. सोयाबीनचा २०२४च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ४,८९२, यांनी विकलं चार हजाराला. पूर्वी यांच्याकडे ज्वारी असायची. ज्वारी गेली, तिच्याबरोबर कडबा गेला, मग दावणीची गाय गेली. १९९४ साली पामतेलाची आयात खुली झाली हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण हे ठाऊक होतं की "तिकडून तेल आलं की आपला दाणा पडते."

पाचवा दिवस : मामाचं गाव

मामाच्या घराचं दार पुरतं उघडत नाही. मागे कापूस आहे. पुढची खोली जमिनीपासून आढ्यापर्यंत पांढरी. देवघर त्या ढिगाच्या कडेला, समईची ज्योत लांब ठेवलेली. लहानपणी आम्ही या ढिगात उड्या मारायचो आणि मग रात्रभर अंग खाजवत बसायचो. आता नातवंडांना तिथे फिरकू देत नाहीत. हा कापूस भावासाठी अडवून ठेवलेला आहे.

"सात हजाराच्या आत बोलते खेडा खरेदीवाला," मामा म्हणाले. खेडा खरेदीवाला म्हणजे गावात येऊन कापूस घेणारा व्यापारी, आणि सीसीआय म्हणजे सरकारी कापूस महामंडळ. "हमीभाव साडेसात हाय. पण सीसीआयच्या सेंटरवर गाडी नेली का दोन रोज नंबर लागत नाई, अन् मग ग्रेडर ओलावा मोजते. बारा टक्क्याच्या वर गेलं का वापस."

मामा आता अठ्ठ्याहत्तरचे. सकाळी वावरात गेलो. पऱ्हाटी, म्हणजे वेचणी झालेली कापसाची झाडं, उपटणं चालू होतं. फरदड (त्याच झाडांवर पुढे धरलेला कापूस) घेऊ नका, गुलाबी बोंडअळीचं चक्र तोडा, असं कृषी खातं सांगतं. २०१७ साली बीटीला न जुमानता ती अळी आली आणि बोंडं आतून पोखरून गेली. त्याच साली याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली. मामांच्या शेजारच्या वावरातला सालदार त्यात वाचला, पण एका डोळ्याने त्याला नीट दिसत नाही. तो आता फवारणीला जात नाही, पऱ्हाट्यांचे भारे बांधतो.

प्रश्न मामांनाही विचारला. त्यांनी विचार न करता सांगितलं: "एकाधिकार बंद पडला तवापासून."

एकाधिकार म्हणजे कापूस एकाधिकार खरेदी योजना. १९७२पासून महाराष्ट्रातला कापूस सरकारलाच विकायचा, दुसऱ्याला विकणं गुन्हा. भाव आधी ठरलेला, चुकारा (मालाचे पैसे) कधी वेळेवर, कधी महिनोन् महिने नाही. बाहेर भाव जास्त असला की लोक रात्री गाड्या भरून आंध्राच्या हद्दीत न्यायचे. मामाही गेले होते, पैनगंगेच्या पलीकडे, हे मला या खेपेला कळलं. मामीने पदर तोंडाला लावला. २००२ साली खाजगी खरेदी खुली झाली. त्याच साली बीटी आलं. बियाणं घरचं होतं ते दुकानातलं झालं, विक्री सरकारची होती ती व्यापाऱ्याची झाली. मामांच्या आठवणीत दोन्ही एकाच पावसाळ्यात.

"मग बरं कोणतं होतं, मामा?"

"बरं कायचं? तवा चोरून इकलं तर भाव भेटे. आता उघडं इकतो तर भाव नाई."

२००६ साली पंतप्रधान म्हणून मनमोहन सिंग विदर्भात आले आणि आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. मामांच्या वाट्याला त्यातलं व्याज माफ झालं. गावात त्या आधीच्या पावसाळ्यात एकाने जीव दिला होता. मामा त्याचं नाव घेत नाहीत, 'तो वरच्या आळीतला' म्हणतात, आणि त्याच्या बायकोचं वावर आजही मामाच वाहून देतात.

संध्याकाळी त्यांनी पत्र्याच्या पेटीतून वह्या काढल्या. शाळेच्या रेघी वह्या, वर्षाला एक. खर्च, मजुरी, पाऊस. मी १९९१ची मागितली. ती उंदरांनी खाल्ली होती. १९९२ची मिळाली. सप्टेंबरच्या पानावर पेन्सिलीने लिहिलं होतं: 'डी.ए.पी. लई महाग. युरियाच आणला.' बस, एवढंच.

मी ते पान दोनदा वाचलं. २५ ऑगस्ट १९९२ला केंद्राने डी.ए.पी.सारख्या स्फुरद आणि पालाशयुक्त खतांवरचं किंमत नियंत्रण उठवलं, युरियावरचं ठेवलं. जमिनीत नत्राचा मारा तेव्हापासून वाढत गेला. आमच्या पाठ्यपुस्तकात तो परिच्छेदच नव्हता. आणि मामांच्या पेन्सिलीने तो महिनाभरात पकडला होता.

"काय पायतं बाई त्यात," मामा म्हणाले. "वही हाय ते."

रात्री चुलीवरच्या भाजलेल्या वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकरी, लसूण-मिरचीचा ठेचा. ज्वारी विकतची. मामींनी ते पुन्हा पुन्हा सांगितलं, जणू तो त्यांचाच दोष. (यवतमाळकडे फेब्रुवारीत दुपारी पंखा लागतो आणि पहाटे गोधडी. दोन्हीची तयारी ठेवा.)

सहावा दिवस : साखरपुडा

मंडप घरासमोरच. मुलगी यवतमाळच्या एका प्रयोगशाळेत रक्त तपासते, बोलायला धीट. आमचा भाचा एकतीस वर्षांचा, आयटीआय, चाकणला कंपनीत. हो, चाकणला. महाळुंग्याच्या बाजूला खोलीत राहतो, सहा जण मिळून. कुणाच्या खोल्या आहेत रे, असं मी त्याला सकाळीच विचारलं होतं. "मालक माहीत नाही आत्या, भाडं एजंट घेऊन जातो."

मुलीच्या वडिलांची स्वतःची आठ एकर. त्यांनी आधीच्या बैठकीत दोनच गोष्टी विचारल्या होत्या म्हणे. मुलगा कंपनीत आहे ना? आणि शेती किती? मामांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "शेती पाह्यजे अन् शेतकरी नाई पाह्यजे." गावात तिशी ओलांडलेली अकरा पोरं बिनलग्नाची आहेत. सगळी शेती करणारी. मामांनी ती मला मंडपात बसल्या बसल्या दाखवली. तीच वाढपाला होती.

भाचा कायम नाही, ठेकेदाराकडून आहे, अकरा महिन्यांनी कागद बदलतो. हे त्याने मला पहाटे विहिरीवर सांगितलं. मंडपात कुणीतरी मोठ्याने 'कंपनीत इंजिनिअर' म्हटलं. मी पेढा घेतला आणि तोंड भरून ठेवलं. मुलीकडे पाहिलं तर ती त्याच्याकडेच बघत होती, आणि मला वाटलं, हिला माहीत आहे.

जेवणात वरण-भात, आलूवांग्याची भाजी, बुंदी. वाढणाऱ्या अकरांपैकी एकाने मला सात वेळा बुंदी वाढली.

निघताना मामींनी ओंजळभर कापूस कागदात बांधून दिला, वातींसाठी. "सरकी काढजो, मग वळजो," असं बजावलं. संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सला भाचा माझ्याबरोबरच होता, रजा दोनच दिवसांची. रात्रभर तो फोनवर हळू आवाजात बोलत होता. तिच्याशीच असणार. सोमवारी पहिली पाळी, सातला हजर व्हायचं होतं.

साडेपाचला शिक्रापूरला गाडी थांबली. चाकणकडे जाणारा रस्ता तिथून फुटतो. बाहेर धुकं, चौकात त्याच्यासारखी वीस-पंचवीस पोरं पाठीवर पिशव्या घेऊन उभी, एका टेम्पोवाल्याशी भाड्याची घासाघीस चाललेली. "येतो आत्या," म्हणून तो वाकला. पाया पडून उठताना बोटातली नवी अंगठी त्याने काढून पाकिटात ठेवली, कारण मशीनवर चालत नाही, आणि ओळखपत्राची दोरी गळ्यात अडकवत खाली उतरला.